१०२० हा आकडा काढून टाक

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंदे,

तुझं भाषण बुधवारीच मिळालं. उत्तर दिलं नाही, कारण पहिल्याच ओळीपाशी अडकले आणि तुला कसं सांगावं कळेना. तब्येत ठीक. गुडघा तसाच.

'हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया, म्हणजे मुली आता वाचतायत' हे वाक्य काढ. आकडा खरा आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला, २०१९-२१ चा. पण त्यात मोजलीत ती निवडलेल्या घरांत आदल्या रात्री मुक्कामाला असलेली माणसं. वसतिगृहं, बराकी त्यात नाहीत. बाणेरच्या बांधकामावर पत्र्याच्या शेडमध्ये झोपणारा गवंडी त्याच्या गावच्या घरात मोजला जात नाही. शिवाय यात आज्याही आल्या, आणि बायका जास्त जगतात. पोटातल्या मुलीचं काय झालं हे या आकड्याला विचारून काय उपयोग? त्याच तक्त्यात पुढची ओळ वाच: आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांत हजार मुलांमागे ९२९ मुली. निसर्गात १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारी ९५२ मुली. तुझं भाषण या ९२९ पासून सुरू व्हायला हवं.

रत्नागिरी आठव. २०११ च्या जनगणनेत तिथे हजारी ११२२ बायका, मुंबई शहरात ८३२. चाकरमानी मुंबईला, बायका गावी, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ० ते ६ वयाचा रकाना बघायचा. त्याच वर्षी पुणे जिल्हा ८८३, बीड ८०७. अख्खा महाराष्ट्र २००१ मध्ये ९१३ होता, तो ८९४ वर आला.

तू म्हणशील, झाला हिचा छेद सुरू! हो, छेदच, म्हणजे आकडा कुणामागे मोजलाय तो खालचा भाग. विमाताईंच्या ओट्यावर याच शब्दावरून तू दोन दिवस अबोला धरला होतास, आणि 'लोकांना एकच आकडा लागतो' हे तुझं म्हणणं मला आजही पटत नाही.

आता गावाचा तक्ता. हजार मुलांमागे जन्मलेल्या मुली ८२० वरून एका वर्षात १०५०, आणि श्रेय मुली वाचवायच्या मोहिमेला? मंदे, वर्षाला ५०० जन्म आहेत. कुणीही काहीही न करता, निव्वळ योगायोगाने, ५०० जन्मांत हा आकडा वीसपैकी एकोणीस वेळा ८०० ते ११३५ मध्ये कुठेही पडतो. तुझे दोन्ही आकडे त्यातच बसतात. ५०,००० जन्म धरलेस तर तोच पट्टा ९३६ ते ९६९ इतका आवळतो. म्हणून पाच वर्षं एकत्र कर, शेजारची गावं जोड, आणि गुणोत्तराआधी मुली किती, मुलगे किती, ते सरळ लिही. उद्या गावाचा आकडा आपसूक खाली आला की लोक म्हणतील मोहीम फसली, आणि खरं काम करणाऱ्या बायकांच्या तोंडचं पाणी पळेल. मला याचीच भीती वाटते.

आणखी एक. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते. मुळशीची बाई पुण्यात बाळंत झाली की नोंद पुण्यात. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या वहीवर विसंबू नकोस. आशाताईंकडे, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीकडे, आईच्या राहत्या पत्त्यानुसार यादी असेल ती माग, आणि दोन्ही पडताळून बघ.

पिंट्याचं अ‍ॅडमिशन झालं का? नव्या घराचं ऐकून फार बरं वाटलं, पडदे नंतर घे, आधी गळती बघ. नानांना नमस्कार.

पाच वर्षांची बेरीज मी करून देते. मुली एका रकान्यात, मुलगे दुसऱ्या, आणि १ व ९ जरा वेगळे काढ, तुझे दोन्ही सारखेच दिसतात. मंगळवारपर्यंत पाठव.

तुझी,
कुंदा