स्विमिंग पूलमध्ये ब्लीचिंग पावडर वाढवण्याआधी पीएच तपासण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

रविवारी पोहून आलेली माझी नात डोळे चोळत जिन्यातच बसून राहिली. डोळे लालबुंद झाले होते. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना दिसली की पाणी गढूळ दिसत असल्याने ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकण्यात येईल. तसे कृपया करू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात माझी नोकरी झाली. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताला धरायला सोडा लागतो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, जरा चुकला की अख्खा लॉट बाद होतो. त्यामुळे पाणी आधी मोजायचे आणि मगच त्यात काही टाकायचे, ही सवय हाताला लागली आहे. सोमवारी मी पाणी तपासायचे स्वतःचे किट घेऊन पूलवर गेलो. नमुना वरवरचा घेतला नाही, कोपरापर्यंत हात बुडवून घेतला. पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या फिनॉल रेडचे थेंब पडताच नळीतले पाणी गर्द गुलाबी झाले, पट्टीवरच्या शेवटच्या 8.2 च्या खान्याशी जुळणारे. पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा, नाहीतर डोळे चुरचुरतात. क्लोरीन फार जास्त असेल तर हा रंग फसवतो, म्हणून तेही पाहिले. दुसऱ्या नळीत फिकट पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन बेताचेच होते.

मुद्दा असा की पाण्यात टाकलेले सगळे क्लोरीन जंतू मारत नाही. त्यातला जोरकस भाग पीएच 7.2 असताना सुमारे दोन-तृतीयांश असतो, 8.2 ला जेमतेम सहावा हिस्सा उरतो. आपण पोते रिकामे करतो आणि त्यातले बहुतेक नुसते पाण्यात पडून राहते. त्यात ब्लीचिंग पावडर स्वतः अल्कधर्मी, त्यामुळे ती जितकी टाकू तितका पीएच आणखी चढतो. पीएच चढला की कॅल्शियम सुटून पाणी दुधाळ होते. आपले गढूळपण बहुधा तेच आहे. कडेच्या टाइल्सवरचा पांढरा थर नखाने खरवडून पाहा, बोअरच्या पाण्याने बादलीला बसतो तोच क्षार आहे. नळाला रोज पाणी नाही, म्हणून पूल बोअर आणि टँकरवर भरतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो.

पूल सांभाळणाऱ्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला कोणी किट दिले नाही, शिकवलेही नाही. किट सोसायटीने घ्यावे, रोज सकाळी पोहणारे येण्याआधी पीएच आणि क्लोरीन मोजून वहीत लिहावे. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद, आठवड्यातून एकदा पाहिली तरी चालेल. ती 80 ते 120 पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत इतके भाग) नसेल तर पीएच एका जागी ठरत नाही. पीएच उतरवायला म्युरियाटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड लागेल, पण एका दमात नाही. अर्धा लिटर घ्यावे, बादलीभर पाण्यात अ‍ॅसिड ओतावे, अ‍ॅसिडवर पाणी कधीही नाही. ते पूलमध्ये सोडून पंप चार-सहा तास चालवावा आणि पुन्हा मोजावे. त्या वेळी पाण्यात कोणी नको.

एक गोष्ट मात्र बैठकीची वाट न पाहता आजच व्हावी. पंपरूममध्ये अ‍ॅसिडचा कॅन ब्लीचिंग पावडरच्या पोत्याला टेकून ठेवला आहे आणि त्याचे झाकण सैल आहे. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. त्या बंद खोलीत तो मुलगा एकटा असतो. कॅन आजच दुसरीकडे हलवावा.

उद्या सकाळी साडेसहाला मी किट घेऊन पूलवर असेन. आपण आलात तर नळीतला रंग समक्ष दाखवता येईल, त्या मुलालाही तेव्हाच शिकवतो.

आपला,
बी विंगमधील एक सभासद