ज्युबिली बघावी, पण डोळे उघडे ठेवून

पुणे, जून २०२२

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी तक्रार केली आहे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला गादीवर बसून सत्तर वर्षे झाली, त्या ज्युबिलीचे आपल्याला काय, आणि मराठी वर्तमानपत्राने त्यावर रंगीत पान का खर्ची घालावे, असा त्यांचा सवाल आहे. शेवटी 'गुलामगिरी अजून अंगात मुरलेली आहे' असा शेराही मारला आहे. त्या गुलामांपैकी मी एक. २ ते ५ जून असे चारही दिवस दुकान सांभाळून जेवढे जमले तेवढे टीव्हीवर पाहिले आणि राहिलेले रात्री मुलाच्या मोबाइलवर पाहिले. घरात यावरून थोडी चेष्टाही झाली.

आमचा मांडवाचा धंदा आहे, तिसरी पिढी. मिरवणूक दिसली की इतरांना देव दिसतो, आम्हाला आधी रस्ता दिसतो. खांब ओळंब्यात आहेत का, बॅरिकेडच्या दोन जाळ्यांमध्ये फट कुठे राहिली, अँब्युलन्स आली तर कुठून काढणार, हे बघितल्याशिवाय नजर वर जात नाही. राजवाड्यासमोर 'द मॉल' नावाचा सरळसोट रस्ता आहे (खरेदीचा मॉल नव्हे). त्याच्या दोन्ही बाजूंनी झेंडे लावले होते. एकही तिरका नाही. आमच्याकडे तीस फुटांच्या कमानीला सहा माणसे लावूनसुद्धा एक बाजू बोटभर खाली राहते, आणि मग 'चालतंय की' म्हणून सगळे चहाला जातात.

मला सगळ्यात आवडले ते वेगळेच. पहिल्या दिवशीचे लष्करी संचलन संपल्यावर राजवाड्याच्या सज्जात राणी येणार, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि लाखभर माणसाला तिथे पोचायचे असते. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभे राहिलेल्याला सांगायला नको. तिथे पोलीस रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकमेकांना खेटून आडवी रांग धरतात आणि सावकाश चालू लागतात. गर्दी त्यांच्या मागून त्यांच्याच चालीने फाटकापर्यंत येते. कोणी धावत नाही, कोणाची चप्पल मागे राहत नाही. हा प्रकार मी मुलाला तीनदा मागे घ्यायला लावून पाहिला. शेवटच्या दिवशीच्या शोभायात्रेत दहा हजारांच्या आसपास लोक होते आणि ती दुपारी अडीचला सुरू होऊन पाचच्या सुमारास आटोपली. अडीच तासांत आपल्याकडे मानाच्या पाच गणपतींचे सत्कारही उरकत नाहीत. (सार्वजनिक गणपती आधी कोणी बसवला हा वाद मी इथे काढत नाही, नाहीतर पुढचा महिनाभर आपल्याला त्याचीच पत्रे छापावी लागतील.)

खर्चाचेही बोलायला हवे. या सोहळ्यासाठी तिथल्या सरकारने २०२१ च्या अर्थसंकल्पात २ कोटी ८० लाख पौंड काढून ठेवले होते, आणि शेवटची शोभायात्रा खासगी देणग्यांवर झाली. तिकडेही 'हे कशाला' म्हणणारे आहेतच, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. पण मला कोणी कंत्राट दिले असते तर मी नाही म्हटले नसते, हेही तितकेच खरे.

त्या शोभायात्रेत सोन्याची बग्गी होती. १७६२ सालची, वजन चार टनांच्या घरात, ओढायला आठ घोडे, आणि चाल माणसाच्या पावलाची. डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला, त्यामुळे आत बसलेला माणूस हेलकावे खात जातो. राणीने स्वतःच २०१८ साली सांगितले होते की त्यात बसणे भयंकर आहे, ती प्रवासाची गाडीच नव्हे. यंदा ती त्यात बसलीच नाही. शहाण्णव वर्षांची बाई, कशी बसणार? बग्गी रिकामीच निघाली, आणि खिडक्यांच्या काचांवर १९५३ च्या राज्याभिषेकाचे चित्रण दाखवले होते. म्हणजे सत्तावीस वर्षांची राणी खिडकीतून हात हलवते आहे आणि रस्त्यावरचे लोक तिला उलट हात करताहेत. आमच्या कुटुंबाच्या तोंडून निघून गेले, 'ही तर पालखीच की!' रथात पादुका आणि लोक हात जोडून उभे. वारकऱ्यांनी रागावू नये. तिथे लोक कठड्याअलीकडे उभे राहून बघत होते आणि आपल्याकडे ते पंढरपूरपर्यंत पायी चालत जातात, हा फरक आम्हालाही कळतो.

तिसऱ्या जूनला सेंट पॉल चर्चमध्ये प्रार्थना होती, तिथेही राणी गेली नाही. तब्येतीमुळे. ही बातमी आपल्याकडे दोन ओळींत आली. मला मात्र २२ जून १८९७ आठवला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली म्हणून त्या दिवशी लंडनमध्ये मोठी मिरवणूक निघाली होती. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून फौजा आणल्या होत्या, आपल्याकडचे घोडेस्वारही होते. राणी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले. सेंट पॉलच्या पायऱ्या चढणे शक्य नव्हते, म्हणून बग्गी पायऱ्यांशी उभी केली, पाद्री आणि गायकवृंद बाहेर आला आणि प्रार्थना रस्त्यावरच झाली. निघण्यापूर्वी तिने राजवाड्यात एक बटण दाबले आणि साऱ्या साम्राज्याला तार गेली. आपल्या प्रिय प्रजेचे मनापासून आभार, देव त्यांचे भले करो, अशा अर्थाची.

ती तार ज्या प्रजेला आली त्यात आपणही होतो. १८९६-९७ चा दुष्काळ चालू होता. पुण्यात प्लेगची साथ नुकती ओसरत होती. गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या होत्या, देवघरापर्यंत गेले होते, माणसे उचलून छावण्यांत नेली होती. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. त्याच रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर, म्हणजे आज जिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, ज्युबिलीचा समारंभ होता. तो आटोपून रँड परत निघाला तेव्हा रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चाफेकर दबा धरून होते. 'गोंद्या आला रे आला' ही खूण पुण्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. रँडला गोळी लागली, तो ३ जुलैला ससूनमध्ये मेला. दुसऱ्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. दामोदरला १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली, १८९९ च्या मे महिन्यात धाकटा भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्णही फासावर गेले. 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली तीही १८९७ सालचीच.

चाफेकरांचे सगळेच मला पटते असे नाही. सुधारकांवरही त्यांचा भयंकर राग होता. जोतीराव फुले आणि दामोदर एका मांडवात बसले असते असे मला वाटत नाही. पण ज्युबिली म्हणजे काय हे दोघांनाही नीट कळले होते. १८८७ साली व्हिक्टोरियाच्या पन्नास वर्षांचा सोहळा हिंदुस्थानात झाला. पुढच्याच वर्षी, मार्च १८८८ मध्ये, राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. बाकीचे पाहुणे दागिने घालून आले, जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. उभे राहून त्यांनी ड्यूकला सांगितले की इथे जमलेल्या माणसांवरून हिंदुस्थान ओळखू नका, खेड्यात जाऊन बघा, आणि गोरगरिबांना शिक्षण हवे आहे हे राणीसाहेबांच्या कानावर घाला. त्याआधी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या पुणेभेटीसाठी नगरपालिका हजार रुपये खर्चायला निघाली, तेव्हाही सगळ्या सभासदांत जोतीराव एकटे विरोधात गेले. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. आमच्या धंद्याच्या मुळावरच येणारा माणूस म्हणायचा. त्या हजारांतून तेव्हा किती कमानी उभ्या राहिल्या असत्या, याचा हिशेब मी एकदा गमतीने करून पाहिला आणि आजोबांच्या काळातले दर आठवेनात म्हणून सोडून दिला.

सार्वजनिक काका, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, तर १८७७ सालच्या दिल्ली दरबारात घरच्या सुताचे, खादीचे कपडे घालून हजर राहिले होते. एवढे राजेरजवाडे, हिरेमाणके, आणि त्यात पुण्याची सार्वजनिक सभा जाड्याभरड्यात.

तेव्हा पत्रलेखक गृहस्थांना माझे एवढेच सांगणे आहे की राणीची मिरवणूक बघितल्याने कोणी गुलाम होत नाही. पुण्याने या ज्युबिल्या, दरबार, मेजवान्या नेहमीच बघितल्या. कोणी आत जाऊन बघितल्या, कोणी रस्त्याच्या कडेला झाडाआड उभे राहून. बघितलेच नसते तर रँड कोणत्या रात्री, कोणत्या रस्त्याने परतणार हे चाफेकरांना कळले कसे असते?

माझी तक्रार आहे ती आपल्याबद्दल, संपादक महाशय. राणीच्या पानावर टोप्या होत्या, गोष्टीतल्या पॅडिंग्टन अस्वलाबरोबरचा चहा होता, लिंबाच्या ट्रायफलची पाककृतीसुद्धा होती. (आमच्या सुनेने ती करून पाहिली. बरी झाली होती.) १८९७ ची मात्र एक ओळ नाही. येत्या २२ जूनला गणेशखिंडीतल्या त्या रात्रीला सव्वाशे वर्षे पुरी होतात. पुण्यातल्या वर्तमानपत्राने ज्युबिली छापायची आणि पुण्यातली ज्युबिली विसरायची, हे काही बरे नाही.

योगायोग असा की त्याच २२ तारखेला दोन वर्षांच्या खंडानंतर माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येत आहे. त्या दिवशी आपल्या अंकात पहिले पान पालखीलाच जाणार, आणि जायलाच हवे. आतले एक पान मात्र गणेशखिंडीला द्या. राणीचा फोटो ज्या मापाचा छापलात त्याच मापात जुन्या गव्हर्नर बंगल्याचा फोटो छापा, तो रस्ता तेव्हा कसा होता ते लिहा, आणि जोतीरावांची मेजवानीही त्यातच घ्या. मजकूर एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. तारखा चुकल्या तर पत्रे येतील, आणि पहिले माझेच असेल.

नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या रस्त्याला वारकऱ्यांच्या चहापाण्यासाठी आमचा एक मांडव दरवर्षी असतो, यंदाही घालतो आहे. आपण ते पान छापलेत तर चार प्रती विकत घेऊन प्लायवर चिकटवीन आणि पाण्याच्या पिंपाशेजारी, वाचता येईल एवढ्या उंचीवर लावीन. वर ताडपत्री दुहेरी आहे, पाऊस आला तरी भिजणार नाही.

आपला,
एक मांडव कंत्राटदार
नाना पेठ, पुणे