आवाज जवळ आणायला शिकवणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपल्या आणि आमच्या बागेत एका कुंपणभिंतीचेच अंतर आहे, त्यामुळे हे आभार समक्ष येऊन मानता आले असते आणि तसे ते मानलेही आहेत. तरीही हे पत्र अनावृत लिहीत आहे, कारण उघड्यावर लावायचे स्पीकर निवडताना मी ज्या गोंधळातून गेले त्यातून आज आणखी कितीतरी घरे जात असतील, आणि आपण काही संध्याकाळी खर्च करून मला जे समजावून दिले ते आमच्या एकाच बागेपुरते राहू नये असे मला मनापासून वाटते. आपले नाव लिहू नये ही आपली अट मी पाळली आहे.

आमची गरज साधी होती. वडिलांची सकाळ घरामागच्या लाकडी ओट्यावर जाते आणि संध्याकाळ बागेच्या टोकाशी झाडाखाली ठेवलेल्या बाकावर. गाणे ऐकण्याची आवड त्यांना आयुष्यभराची, आणि कान मात्र आता मंदावलेले. मी दिवाणखान्यातले दोन स्पीकर बाहेर आणून छपराच्या कडेखाली बसवले. वर छप्पर असल्याने त्यांना पाऊस लागणार नाही असा माझा समज होता. परंतु तिरपा येणारा पाऊस, पहाटेचे दव आणि दुपारचे ऊन यांचा विचार मी केलाच नव्हता. हळूहळू स्पीकरमधल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या कागदी पडद्यांना फुगवटे आले, त्यांच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडू लागला आणि आवाज फाटला. दुसऱ्या खेपेला विक्रेत्याने अधिक वॉटची जोडी पुढे केली आणि मी ती घेतली. तिने असे झाले की ओट्यावर बसलेल्यांना एकमेकांशी बोलता येईना, आणि बाकावर बसलेल्या वडिलांना गाण्याचे शब्द तरीही कळेनात.

तो आवाज सर्वांत जास्त आपल्या खिडकीवर आदळत होता. आपण भिंतीपलीकडून हाक मारली तेव्हा मी तक्रार ऐकून घेण्याच्या तयारीने बाहेर आले, आणि आपण विचारले, "बाबांना नीट ऐकू येतं का?" उघड्यावरच्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था सांभाळण्यात आपली उमेदीची सगळी वर्षे गेली, हे मला त्या दिवशी कळले.

पहिल्या संध्याकाळी आपण एकाही स्पीकरकडे पाहिले नाही. आपण बाग पावलांनी मोजली, वडील कुठे बसतात, पाहुणे कुठे बसतात, कुठून कुठे चालत जातात हे विचारले आणि एका कागदावर भिंती, झाडे व घराच्या खिडक्या काढल्या. मग आपण जो हिशेब सांगितला तो मला शाळेतल्या पुस्तकात कधीच इतका स्पष्ट कळला नव्हता. खोलीत भिंती आणि छत आवाज परत पाठवत राहतात, म्हणून कोपऱ्यात बसलेल्यालाही तो भरलेला वाटतो. उघड्यावर मात्र गेलेला आवाज परत येत नाही, आणि अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) उतरतो. स्पीकरपासून १ मीटरवर ८० डेसिबल असलेला आवाज २ मीटरवर ७४, ४ मीटरवर ६८ आणि ८ मीटरवर ६२ होतो. याउलट स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी वाढ मिळते ती केवळ ३ डेसिबलची, आणि ऐकणाऱ्याला आवाज दुपटीने मोठा वाटावा असे वाटत असेल तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. मी वॉटचे आकडे वाढवत होते आणि मुख्य अडचण अंतराची होती, हे त्या तीन-चार वाक्यांत उलगडले.

त्यानंतर आपण घरातून एक लहानसा स्पीकर आणून वडिलांच्या बाकाजवळ, त्यांच्यापासून दोन हातांवर ठेवला आणि मोठे स्पीकर बंद करायला सांगितले. आवाज इतका हळू होता की ओट्यावर उभी असलेली मी तो जेमतेम ऐकत होते, आणि वडिलांनी मान वर करून गाण्याबरोबर गुणगुणायला सुरुवात केली. "आवाज मोठा करू नका, तो जवळ आणा," असे आपण म्हणालात. पुढची सगळी निवड याच एका वाक्यावरून झाली, म्हणून या पत्रातले पहिले आणि सर्वांत मोठे आभार त्या वाक्यासाठी आहेत.

वडिलांच्या कानांविषयी आपण जे लक्षात आणून दिले त्याचेही ऋण मोठे आहे. वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि शब्दांची स्पष्टता देणारी व्यंजने बव्हंशी त्या उंच स्वरांतच असतात. त्यामुळे आवाज पोहोचतो पण शब्द हरवतात. उंच स्वर काढणारा ट्वीटर टॉर्चच्या झोताप्रमाणे समोरच्या दिशेलाच बोलतो, म्हणून त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे असले पाहिजे आणि मध्ये पानांचा पडदा असता कामा नये. खोलगट, म्हणजे खालच्या, स्वरांचे तसे नसते, ते सगळीकडे पसरतात. मी स्पीकर छपराखाली उंच आणि सरळ समोर रोखून लावले होते, म्हणजे नेमका वडिलांना हवा असलेला भाग त्यांच्या डोक्यावरून भिंतीपलीकडे पाठवत होते.

खरेदीच्या वेळी कोणते आकडे वाचायचे हे आपण शिकवले. वॉटच्या आधी संवेदनशीलता पाहावी, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते पाहावे. ८७ आणि ९० या आकड्यांत मला काहीच फरक वाटला नसता. पण ९० डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज ८७ वाल्याच्या निम्म्या शक्तीत देतो. दुसरा आकडा आयपी या अक्षरांपुढचा. त्यातला पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. आयपी ६५ म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याचा झोतही सोसला जातो, तर दुसरा अंक ४ असेल तर फक्त शिंतोड्यांपुरती हमी आहे. अंकाच्या जागी एक्स हे अक्षर असेल तर त्या गोष्टीची हमी दिलेलीच नाही असे समजावे, हे तर मी कधीच ओळखले नसते. मात्र हा अंक उन्हाविषयी काहीच सांगत नाही, हे आपण पुन्हा पुन्हा बजावले. ऊन आणि दव यांत टिकण्यासाठी पडदा पॉलिप्रॉपिलिनचा, त्याची कड फोमऐवजी रबराची, जाळी पावडर-कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, हे आपल्या सांगण्यावरून मी प्रत्येक नगावर स्वतः तपासून घेतले.

मला सर्वांत आवडलेले होते ते दगडासारखे दिसणारे स्पीकर, आणि त्यांना नाही म्हणताना आपण माझे मन राखले हे मी विसरलेले नाही. चांगल्या बनावटीचे असे स्पीकर उत्तम चालतात हे आपण मान्य केले, फक्त आमच्या बाकाजवळची झुडपे वाढली की जमिनीलगतचा आवाज पानांत अडकेल आणि वडिलांना पुन्हा शब्द कळणार नाहीत, हे आपण गवतावर बसून, कानाच्या उंचीवर हात धरून दाखवले. त्याऐवजी जमिनीत खुपसायच्या दांड्यावरचे, किंचित वर रोखता येणारे लहान स्पीकर आपण सुचवले. ओट्यावरचे दोन भिंतीलगत लावायला सांगितले, कारण उघड्यावर खोलगट स्वरांना खोलीचा आधार मिळत नाही आणि आवाज पातळ वाटतो. मागे भिंत असली की तो आधार काही अंशी परत मिळतो. तोंड थोडे खाली झुकवल्याने आवाज बसलेल्यांकडे जातो आणि जाळीवर पडलेले पाणीही ओघळून जाते.

वूफरचा, म्हणजे फक्त खोलगट स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, विषय मीच काढला होता, कारण जमिनीत पुरून वर फक्त तोंड ठेवायचे वूफर मिळतात असे वाचले होते. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे ७ मीटर लांब असते आणि आपल्यामधली पुरुषभर उंचीची भिंत तिला अडवू शकत नाही, एवढेच आपण सांगितले. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, त्यामुळे दिवसा न जाणवणारे संगीत रात्री दूरच्या घरात ऐकू येते, हेही आपण सांगितले. काका, त्या आवाजाचा त्रास प्रत्यक्ष आपल्यालाच होत होता, आणि तरी "माझ्यासाठी आवाज कमी करा" असे आपण एकदाही म्हटले नाही. कारण समजावले आणि निर्णय माझ्यावर सोपवला. वूफर मी घेतला नाही. बागेच्या टोकाचे दोन्ही स्पीकर आता आपल्या भिंतीकडे पाठ करून आमच्या घराच्या दिशेने बोलतात.

बिनतारी स्पीकर घेण्याचा माझा आग्रह आपण प्रयोगानेच सोडवला. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि ओली पाने व माणसांची शरीरे म्हणजे बव्हंशी पाणीच. पाऊस पडून गेल्यावर फोन ओट्यावर ठेवून आपण बाकापर्यंत चालत गेलात आणि झुडपांच्या मागे गाणे तुटू लागले. वडिलांनी रोज स्पीकर चार्ज करण्याची आठवण ठेवावी ही अपेक्षाही रास्त नव्हती. म्हणून तारा घातल्या. ॲम्प्लिफायरपासून सर्वांत दूरच्या स्पीकरपर्यंत तारेची वाट ३० मीटरची आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबे. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा विजेला होणारा विरोध सुमारे ०.७ ओहम होतो आणि २.५ च्या तारेत सुमारे ०.४, म्हणून आपण जाड तार घ्यायला लावली. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला तशीच असते आणि विरोध मात्र जास्त, म्हणून टोक खरवडून पाहायलाही शिकवले. तारा पाइपातून नेल्या आहेत, जेणेकरून उंदीर आणि फावडे दोन्हींपासून त्या वाचतील. ॲम्प्लिफायर घरातच कोरड्या जागी ठेवला आहे. तारा याहून पुष्कळ लांब असत्या तर १०० व्होल्टची वाहिनी, म्हणजे लांब तारेत शक्ती कमी वाया जावी म्हणून जास्त व्होल्टवर आवाज पाठवण्याची पद्धत, वापरावी लागली असती, हे आपण सांगून ठेवले आहे. मोठ्या बागा असलेल्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्याचा इथे उल्लेख करते.

आपली सर्वांत सुंदर युक्ती शेवटच्या संध्याकाळची. बागेत माणसे हिंडतात, डावी-उजवी बाजू कुणालाच नीट मिळत नाही, म्हणून ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांचे (चॅनलचे) गाणे एकत्र करून चारही स्पीकरना तेच द्यावे असे आपण म्हणालात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि आमचा ॲम्प्लिफायर तेवढे पेलतो, हे पाहून एका वाहिनीवर ओट्यावरचे दोन आणि दुसरीवर बागेतले दोन आपण जोडले. दोन्हीकडे गाणे एकच असल्याने डावे-उजवे तोलण्याची गोल कळ आता ओटा आणि बाग यांच्यातला आवाज वाटून देते. सकाळी मी ती ओट्याकडे फिरवते, संध्याकाळी वडील ती आपल्या हाताने बाकाकडे फिरवून बाहेर पडतात. दोन जागांमध्ये १० मीटरचे अंतर असल्याने एकाचा आवाज दुसऱ्याच्या सुमारे २९ मिलिसेकंद मागून येतो. आवाज हळू असला की दूरचा स्पीकर आपोआप मावळतो आणि घुमल्यासारखे वाटत नाही, हे आपण डोळे मिटून ऐकायला लावून पटवले.

वडील आता गाण्यातल्या जागा ओळखून मला सांगतात, आणि ती सांगताना त्यांना ओरडावे लागत नाही, कारण आमच्या बोलण्यावर गाण्याचा दाब राहिलेला नाही. पक्षी बाकाच्या जवळच्या फांदीवर पुन्हा बसू लागले आहेत. हे सारे ज्यांच्यामुळे घडले त्या आपले आभार मानायला मला यापेक्षा मोठे शब्द सापडत नाहीत.

मोठ्या पावसानंतर मी जोडांची डबी उघडून पाहिली. आत कोरडे होते. डाव्या दांड्यावरच्या स्पीकरच्या निचऱ्याच्या भोकात मुंग्या शिरल्या होत्या, ते साफ करून बारीक जाळी लावली आहे, पाणी जाण्याची वाट मोकळी ठेवूनच. उजवीकडच्या स्पीकरपुढचे झुडूप मात्र आपण पाहिले त्याच्या दुप्पट वाढले आहे आणि गेल्या चार दिवसांत वडील दोनदा म्हणाले की शब्द पुसट येतात. झुडूप छाटावे की दांडा हातभर पुढे न्यावा, हे आपण सवडीने येऊन एकदा ऐकून सांगावे अशी विनंती आहे. बाकावर आपल्यासाठी जागा ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
भिंतीपलीकडची शेजारीण