‘गरीब पण कष्टाळू’मधला ‘पण’

संपादक महोदय,

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ छापून येतात. ते कात्रण मी नेमाने फळ्याशेजारी चिकटवते. शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी घराच्या माडीवर अकरावी-बारावीच्या पोरापोरींना शिकवते. गाव इचलकरंजी, त्यामुळे निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील यंत्रमागावर आहेत. मागे आपण पैशासंबंधीचे शब्द दिले होते. रिच, वेल्दी, अफ्लुअंट या तिघांपुढे ‘श्रीमंत’ आणि पुअर, नीडी, बॅकवर्ड या तिघांपुढे ‘गरीब’. त्या यादीबद्दल हे पत्र आहे.

यादीतल्या शब्दांवर मुलांना वाक्यं करायला सांगितली. एका मुलीनं लिहिलं, ‘माय फादर इज पुअर बट हार्डवर्किंग.’ व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही. बरोबरची खूण करायला पेन टेकवलं आणि हात तिथंच राहिला. या मुलीचा बाप बारा तासांची पाळी करतो, आई कांड्या भरते. मी विचारलं, ‘इथं बट कशाला गं?’ ती म्हणाली, ‘तसंच म्हणत्यात की बाई. गरीब पण कष्टाळू.’

खरंच, तसंच म्हणतात. गरीब पण प्रामाणिक, गरीब पण स्वच्छ. आपण मराठीतही हे इतकं सहज म्हणतो की त्यातला ‘पण’ ऐकूच येत नाही. परक्या भाषेत एकेक शब्द जुळवताना तो ऐकू आला. ‘पण’ आला म्हणजे आधीच्या गोष्टीवरून पुढची अपेक्षित नव्हती. गरीब माणूस आळशीच असायचा, हा तेवढा अपवाद, असं ते वाक्य सांगतं, आणि ते पोटच्या पोरीनं बापाबद्दल लिहिलेलं. आम्ही ‘बट’ खोडला. ‘ही वर्क्स हार्ड अँड ही इज पुअर’ असं केलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘मग बाई, पुढं बिकॉज घातलं तर काय लिहायचं?’

त्या ‘बिकॉज’पुढे लिहायला आपल्या यादीत एकही शब्द नव्हता. माणूस कसा आहे हे सांगणारी विशेषणं भरपूर होती. तो तसा का राहिला हे सांगणारं एकही नाम नव्हतं.

म्हणून आम्ही स्वतःच शब्द जमवायला बसलो. पहिली जोडी इन्कम आणि वेल्थ. पगाराच्या पाकिटात येतं ते इन्कम. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर, मागाच्या मालकीत असतं ते वेल्थ. आणि सातबाऱ्यावर चढलेला बोजा म्हणजे डेट. एवढं सांगितल्यावर मुलं आपली आपण बोलायला लागली. खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाकडे माग आहेत म्हणजे वेल्थ आहे, पण बँकेचा बोजा वजा केला तर उरतं किती, असा हिशेब एकानं मांडला. हा मुलगा इंग्रजीत नापास झालेला आहे.

मग शंभर शेंगदाणे मोजले आणि दहा मुलांना पुढे उभं केलं. जागतिक विषमता अहवाल २०२२ प्रमाणे जगातल्या वरच्या दहा टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून दोन टक्के. एका मुलाच्या ओंजळीत ७६ दाणे गेले, ते मावेनात म्हणून त्यानं खिशात भरले. चौघांना मिळून २२. उरलेल्या पाच जणांपुढे दोन दाणे. उत्पन्नाची वाटणी त्या मानानं बरी, वरच्या दहा टक्क्यांना ५२ आणि खालच्या निम्म्यांना साडेआठ, ती आम्ही नंतर केली. त्या पाचांतली एक मुलगी हातातला अर्धा दाणा बघत म्हणाली, ‘इनइक्वालिटी.’ मी तो शब्द तोवर फळ्यावर लिहिलाही नव्हता. तिला ठाऊक होता, वापरायला जागा मिळाली नव्हती.

‘पॉवर’ म्हटलं की आमच्याकडे वीज. पॉवर गेली की माग बंद. दुसरा अर्थ समजवायला मला सहकारी संस्था कामी आली. संस्थेत एक सभासद, एक मत, शेअर कितीही असोत. अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत देशांची मतं हिश्श्यावर ठरतात. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे एकटीकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे ती नाही म्हणाली की विषय संपला. लोकसंख्येत जगात पहिल्या असलेल्या आपल्या देशाचा वाटा तीन टक्क्यांच्या आत. ‘व्हेटो’ हा शब्द नंतर कुणाला पाठ करावा लागला नाही.

एक जोडी तर वर्तमानपत्रांनीच नीट करायला हवी: एड आणि लोन. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी २०१८ मध्ये जागतिक बँकेनं दिलेले ४२ कोटी डॉलर हे कर्ज आहे. बातम्यांत मात्र ‘अर्थसाहाय्य’ वाचायला मिळतं. कर्जाला साहाय्य म्हटलं की घेणारा उपकाराखाली जातो आणि फेडणारा कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

हे शब्द मुलांना झेपणार नाहीत, असं माझ्या एका सहकारी शिक्षिकेचं मत आहे. मला ते मुळीच मान्य नाही. तर्खडकर म्हटलं की आपल्याला दादोबांचं व्याकरण आठवतं. त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या सहीनं आठ पत्रं लिहिली. कंपनीच्या राज्यात हा देश कसा नागवला जातोय, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्या भाषेत त्यांनाच सुनावलं. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास होतं आणि मुंबईत इंग्रजी शिकलेली ती जवळजवळ पहिलीच पिढी. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, ‘बाई, छापली का ती पत्रं?’ छापली होती.

आपल्याला विनंती एवढीच की यादीत शब्द एकेकटे न देता जोडीनं आणि वाक्यासकट द्यावेत: इन्कम-वेल्थ, एड-लोन, वेज-प्रॉफिट, टॅक्स-टॅक्स हेवन (कर चुकवायला पैसा नेऊन ठेवतात तो देश). ‘पुअर’पुढे नुसतं ‘गरीब’ न लिहिता ‘बिकॉज’ घातलेलं एक वाक्य छापावं. नमुने हवे असतील तर माझ्या मुलांच्या वह्यांतून उतरवून पाठवते. त्या मुलीनं आता पाच ओळी लिहिल्या आहेत, त्यांत पीस रेट (नगावर मिळणारी मजुरी), रेंट आणि डेट हे तिन्ही शब्द आलेत. ‘पीस’चं स्पेलिंग चुकलंय, ते आम्ही दुरुस्त करतोय.

एक निवृत्त शिक्षिका, इचलकरंजी