पॉलिश पेपरच्या पाठीवरचा हिशोब

काका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं" म्हणत पुन्हा करवत हातात घेतली असती. म्हणून हे लिहून मोकळी होते.

काल रात्री घरी पोचले तरी गाडीतून उतरले नाही. इंजिन बंद करून गाणं संपेपर्यंत आत बसून राहिले. ड्रमचा ठोका पडत होता आणि तिथल्या तिथे संपत होता. गाडीतल्या सबवूफरचा, म्हणजे खोल सुरांच्या स्पीकरचा, बॉक्स मी घरीच बनवला होता. चार महिने त्यातून मी जे ऐकत होते तो बेस नव्हताच, पिंपात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा घुमारा होता. गाणं कुठलंही लावा, सूर तोच.

तुमच्याआधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. पहिल्याने न ऐकताच मोठा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) पुढे केला, खोक्यावर ठळक १२०० वॉट छापलेला. दुसऱ्याची तऱ्हा निराळी. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं माझ्या भावाला मिळायची. आमच्या भावाला सबवूफर आणि स्टेपनी यांतला फरक कळत नाही! निघताना "घरी बनवलेल्या बॉक्सचं असंच होतं, ताई" हे मात्र माझ्याकडे बघून.

तुम्ही आधी गाणं लावायला सांगितलंत. पूर्ण ऐकलंत. मग विचारलंत, "माप कुठून घेतलंस?" मी ऐटीत सांगितलं, ४० बाय ३६ बाय २६ सेंटिमीटर, म्हणजे ३७ लिटर, आणि कंपनीच्या कागदावर सीलबंद बॉक्सला ३४ पुरतात. तुम्ही हसला नाहीत. बाकावरचा पॉलिश पेपर उलटा केलात, कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिलीत. "खोकं तुझं, हिशोबही तूच कर. एमडीएफची फळी १८ मिलिमीटर जाड आहे ना? दोन्ही बाजूंनी वजा कर."

केला. आतून ३६.४, ३२.४ आणि २२.४. साडेसव्वीस लिटरही भरेनात. स्पीकरचं मॅग्नेट आत जागा खातं, ते अडीच लिटर गेले. राहिले चोवीसच्या आत. मी बाहेरून मोजलं होतं, काका! बॉक्स इतका लहान झाला की स्पीकरच्या पडद्यामागची हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते, वरचा बेस फुगतो आणि खोल सूर गळतात, हे तुम्ही नंतर समजावलंत. पण चूक सापडली तेव्हा पेन्सिल माझ्या हातात होती. ती तुम्ही दिली नसतीत तर मी नवा बॉक्स घेऊन घरी आले असते आणि मनातल्या मनात त्या दुसऱ्या दुकानदाराचंच खरं मानत राहिले असते.

नव्या बॉक्सचं कापणं-चिकटवणं काय, झालं. ओल्या हाताची पाठ सांध्यांवरून फिरवून हवा गळतेय का ते बघायचं, हे तेवढं कायमचं शिकले. अ‍ॅम्प जुनाच ठेवायला लावलात. "छापलेला मोठा आकडा डोळे दिपवायला असतो, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते वाच." वाचलं. माझा ३०० वॉटचा अ‍ॅम्प स्पीकरला पुरून उरत होता.

मदत करता करता माणसं किती ऐकवतात हो. "एवढंही माहीत नाही?" हे तोंडाने नाही तर भुवयांनी म्हणतातच. तुम्ही शीटचे पैसे घेतलेत, वेळेचे घेतले नाहीत, आणि माझ्या जुन्या बॉक्सला नावं ठेवायचं सोडून "कोपरे काटकोनात बसवलेस बरं का" म्हणालात. ते वाक्य मी भावाला दोनदा ऐकवलं.

पॉलिश पेपरचा तो तुकडा गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांबरोबर ठेवलाय. आणि एक राहिलंच, मागची नंबरप्लेट आता खुळखुळते. तिच्यामागे फोमची पट्टी लावून बघणार आहे. नाहीच थांबली तर रविवारी येते, पेन्सिल माझी घेऊन.

तुमची,
बाहेरून मोजणारी