दिन्यास पत्र, उभ्यानं लिहिलेलं

प्रिय दिन्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू दुसऱ्याला बोलू देतोस कुठे? म्हणून ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितोय. बाकी तब्येत ठीक, साखर आटोक्यात.

एकादशीला मी भजनातून उठलो. गजर चालू असताना, तबला सोडून! शिरूभाऊ टाळ वाजवता वाजवता बघतच राहिले. तू पेटीवर असतास तर सांभाळून घेतलं असतंस; नवीन पोरगा बिचारा गडबडला.

उजव्या कुल्ल्यात खोल ठणका, तिथून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत चमक, पायाला मुंग्या. चाललं की बरं, बसलं की सुरू. एमआरआय काढला. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली नि म्हणाले, ‘एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी फुगलीय, ऑपरेशन करून टाकू.’

आता तू लगेच म्हणशील, करून टाक, माझं बघ. थांब. तुझी चप्पल चालता चालता गळून पडायची आणि तुला पत्ता नसायचा. पाऊलच उचलत नव्हतं तुझं. शिंकलास तरी पायात कळ जायची. तुला ऑपरेशन लागणारच होतं, आणि तेव्हा मीच तुला ढकलत नेलं. तू तेल चोळत बसला होतास. माझं पाऊल धड आहे.

सुनेच्या ओळखीच्या फिजिओकडे गेलो. वयानं लहान, पण हात अचूक. सरळ पाय वर उचलला, फारसं काही नाही. मग गुडघा दुमडून डाव्या खांद्याकडे रेटला, तशी मी बोंब ठोकली. म्हणाली, माकडहाडाच्या वरच्या हाडापासून मांडीच्या हाडाच्या टोकापर्यंत एक स्नायू आडवा जातो, पिरिफॉर्मिस. त्याच्याखालून सायटिकची नस जाते, अंगातली सगळ्यात जाड. काहींची तर त्या स्नायूतूनच आरपार. तो आखडला की नस चिडते. या दुखण्याचं पिरिफॉर्मिस सिंड्रोम हे नाव १९४७चं, तरी डॉक्टरांचं अजून एकमत नाही, कारण पक्कं सांगणारी एकच अशी तपासणी नाही. बाकीचं एकेक बाद करत यायचं.

‘मग ती फुगलेली गादी?’ मी विचारलं. तर ती म्हणाली, १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय छापून आले होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या गाद्या फुगलेल्या! पण डॉक्टरही काही अडाणी नव्हेत. खरं कुणाचं, यातच रात्र जाते.

सध्या व्यायाम. उताणं झोपून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर, डावी मांडी हातांनी छातीकडे ओढायची आणि तीस आकडे. मी त्रितालाची दोन आवर्तनं मोजतो, म्हणजे बत्तीस; वरच्या दोन मात्रा तिला जास्तीच्या. मग कुशीवर वळून वरचा पाय सरळ उचलायचा. मागच्या खिशातलं पाकीट बंद. फरक आहे थोडा. अडलंच तर सोनोग्राफीत बघत त्या स्नायूत भुलीचं नि स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्यानं दुखणं उतरलं तर चोर बहुधा तोच. त्याआधी मणक्याच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार आहे. लघवी अडली, जांघेत बधिर झालं किंवा पाऊल लुळं पडलं तर त्याच रात्री दवाखाना, हे तिनं सुनेलाही बजावलंय.

पण दिन्या, खरी गोम पुढेच आहे. ती म्हणते, तूर्त मांडी घालून तासन्‌तास बसू नका, खुर्ची घ्या. खुर्चीवर तबला! आपण दोघांनी ज्यांची टिंगल केली त्यांच्या रांगेत मी? तू पेटीवर ऐनवेळी काळी एक पट्टी सोडून काळी दोन धरायचास आणि मी तबला सुरात लावायला हातोडी घेऊन ठोकत बसायचो, तेव्हा नाही काही आखडलं. अजूनही ती काळी दोन चुकीचीच होती.

कार्तिकीला मागे बसून टाळ धरू, की खुर्ची घेऊ? दुसरं कुणी म्हणेल, काय एवढं त्यात. तू नाही म्हणणार.

चिन्मयच्या व्हिसाचं झालं का? गॅलरीतली गळती थांबली? वहिनींना नमस्कार.

आणि तुझ्या माळ्यावर तबल्याचा तो लोखंडी स्टँड अजून असला तर पार्सलनं पाठव. नसला तर नाही म्हण, नवीन घे असं सांगू नकोस.

तुझा,
बंड्या