हात बांधून आदरांजली नको

संपादक महोदय,

अर्जेंटिनाचे जादूगार रेने लावांड यांच्यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख आवडला, पण मथळ्यापासून शेवटापर्यंत 'एका हाताचा जादूगार' हेच पालुपद. आम्हा हौशी जादूगारांत सध्या याच मुद्द्यावरून वाजले आहे, म्हणून हे पत्र.

पुढच्या महिन्यात आम्ही दहाबारा जण लावांड यांच्या स्मरणार्थ छोटा कार्यक्रम करतो आहोत. प्रत्येकाने एक खेळ निवडायचा. पहिल्याच बैठकीत सूचना आली की सगळ्यांनी उजवा हात पाठीमागे बांधून खेळ करावा. टाळ्या हमखास! मला ते मुळीच पटले नाही. नऊ वर्षांच्या मुलाचा उजवा हात मोटारीखाली चिरडला. उरलेल्या डाव्या हाताने पत्ते पिसायला शिकण्यात त्याची वर्षे गेली. मग बँकेत नोकरी, आणि पूर्णवेळ जादू सुरू केली तेव्हा १९६० साल उजाडले होते. आणि आम्ही दहा मिनिटे दोरी बांधणार, मग ती सोडून घरी जाणार? ही नक्कल झाली, तीसुद्धा त्यांच्या अपघाताची.

मी आधी त्यांचा 'तेल आणि पाणी' घेतला होता. लाल आणि काळे पत्ते एकाआड एक लावायचे, तरी ते वेगवेगळे होतात. हातात बसलेला खेळ. पण आरशासमोर करून पाहिला आणि वरमलो. जिथे लबाडी आहे नेमका तिथेच माझा हात घाई करतो, मग बघणाऱ्याची नजरही तिथेच जाते. लावांड म्हणत, 'याहून सावकाश करता येणार नाही.' मग 'कदाचित येईलही' म्हणून आणखी सावकाश करीत.

शेवटी त्यांच्या पावाच्या गोळ्यांवर आलो. एक पेला आणि मऊ पावाच्या तीन बारीक गोळ्या. एक फेकून द्यायची, तरी पेल्यातून तीनच निघतात. पुन्हा फेका, पुन्हा तीन. सामान इतके साधे, की दडायला जागाच नाही. पहिल्या दिवशी रात्री वळून ठेवलेल्या गोळ्या सकाळी वापरल्या. त्या वाळून कडक झालेल्या. पेल्यात टक् टक् आवाज झाला आणि बायको आतल्या खोलीतून म्हणाली, "एक जास्त पडली!" (यापुढचे सांगत नाही, आमच्या मंडळींकडून शिव्या बसतील.) आता ताज्या वळतो. त्या वाजत नाहीत, पण घामेजल्या तळव्याला चिकटून बसतात.

दोन्ही हात वापरणार आहे, टेबलावर, उघडे. कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत. माझा खेळ सध्या साडेतीन मिनिटांत उरकतो, तो पाच मिनिटांवर न्यायचा आहे.

आपला,
एक हौशी जादूगार